नोंद वर जाते, खाली येत नाही

उपकेंद्रातल्या सिस्टरच्या टेबलावर वह्यांची चळत असते. गरोदर मातांची वही, लसीकरणाची, जन्म-मृत्यूची, तापाच्या रुग्णांच्या रक्तनमुन्यांची, विहिरींच्या पाणीनमुन्यांची, टीसीएल पावडरच्या साठ्याची. आशाताई घरोघर फिरून जे कळवते ते त्यात चढतं. महिनाअखेरीला सिस्टर या सगळ्या वह्या पुढ्यात घेऊन मासिक अहवाल भरते. अहवाल प्राथमिक आरोग्य केंद्रात जातो, तिथून तालुक्याला, जिल्ह्याला, मग पुण्या-मुंबईला आणि दिल्लीला. वाटेत त्याचे तक्ते होतात, टक्केवारी निघते. ज्या गावातून ही माहिती निघाली त्या गावाला मात्र गेल्या वर्षी आपल्याकडे किती बाळं दगावली, कोणत्या विहिरीचं पाणी पुन्हापुन्हा दूषित आलं, हे सांगायला कुणी येत नाही. विचारायला गेलं तर उत्तर मिळतं, ‘ती ऑफिसची माहिती आहे.’

हे पुस्तक त्या उत्तरातून सुरू झालं. ऑफिसची म्हणून जी माहिती सांगितली जाते ती आपल्या तापाची, आपल्या बाळंतपणाची, आपल्या पैशातून घेतलेल्या औषधाची असते. ती वर गेली यात काही चुकलं नाही, जायलाच हवी. तिला परत गावात यायची वाट हवी, एवढंच म्हणणं आहे.

मला ही वाट सापडली ती एका कुत्र्याच्या चाव्यामुळे. काही वर्षांपूर्वी आमच्या ओळखीतल्या एका शेतमजूर बाईंच्या मुलाला कुत्रं चावलं. पहिलं इंजेक्शन जवळच्या सरकारी केंद्रात मिळालं. तिसऱ्या दिवशी माय-लेक पुन्हा गेले तर, ‘लस संपलीय, बाहेरून आणा.’ मेडिकलमध्ये साडेतीनशे रुपये लागले. त्या हंगामात ती त्यांची दीड दिवसाची मजुरी होती. संध्याकाळपर्यंत गावात एकच बोलणं, फार्मसिस्ट बाईंनी लस विकली. पारावर नावानिशी बोललं जाऊ लागलं.

मी माहितीच्या अधिकारात अर्ज केला, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. नकला मागितल्या नाहीत, रजिस्टर बघायचं आहे एवढंच लिहिलं. ठरलेल्या दिवशी दुपारी गेले तेव्हा फार्मसिस्ट बाईंनी न बोलता रजिस्टर समोर ठेवलं. निळ्या पुठ्ठ्याचं, कडा मऊ पडलेलं. दिनांक, आवक, बॅच नंबर, मुदत, वाटप, शिल्लक असे रकाने. मी लसीचं पान काढलं आणि शिल्लक रकान्यावरून बोट खाली नेत गेले. एकोणीस दिवस सलग शून्य होतं. मग त्यांनी स्वतःहून दुसरी फाईल काढली. तिच्यात जिल्ह्याच्या औषध भांडाराला पाठवलेली तीन मागणीपत्रं होती, तिन्हींवर भांडाराचा पोच शिक्का. पहिलं मागणीपत्र साठा संपायच्या आधीचं होतं. लस विकली गेली नव्हती. ती आलीच नव्हती, आणि आली नाही याचं उत्तर या खोलीत नव्हतं. बाई एवढंच म्हणाल्या, ‘ताई, मी हेच सगळ्यांना सांगत होते. कागद कुणी बघितला नाही.’

तीन पानांच्या झेरॉक्सचे सहा रुपये भरले. ती पानं ग्रामसभेत वाचून दाखवली तेव्हा पारावरची चर्चा थांबली आणि प्रश्न जिल्ह्याच्या दिशेने वळला. माहितीचा अधिकार म्हणजे अधिकाऱ्याच्या मानगुटीवर बसायचं हत्यार, असा समज आरोग्य खात्यात घट्ट आहे. माझा अनुभव वेगळा सांगतो. तळातल्या माणसावरचा खोटा आळ पुसायला त्या माणसाने स्वतःच्या हाताने ठेवलेल्या नोंदीइतकं उपयोगी दुसरं काही नसतं. ती नोंद कपाटात कुलूपबंद राहिली तर तिचा त्यालाच उपयोग होत नाही.

कायद्याची ओळख थोडक्यात करून देते, कारण पुढच्या प्रकरणांत ती सविस्तर येईलच. गोव्याने १९९७ साली आणि महाराष्ट्राने २००० साली आपापले माहितीचे कायदे केले. आपला पहिला कायदा तोकडा होता. अण्णा हजाऱ्यांच्या आंदोलनानंतर २००२ मध्ये तो बदलून बराच सशक्त कायदा आला. देशाचा कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून लागू झाला. अर्जाला तीस दिवसांत उत्तर, नाही मिळालं तर प्रथम अपील, मग राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील, दिरंगाईला दिवसाला २५० रुपये आणि जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड, एवढं बहुतेकांना माहीत असतं. आरोग्याच्या कामात याहून मोलाच्या तीन गोष्टी या कायद्यात आहेत आणि नेमक्या त्याच फारशा वापरल्या जात नाहीत.

एक म्हणजे कलम ४. अर्ज न करताच कार्यालयाने स्वतःहून काय काय जाहीर करायचं याची यादी त्यात आहे: अंदाजपत्रक, झालेला खर्च, योजनांचे लाभार्थी, निर्णय कोण घेतं, कामाचे निकष काय. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर रुग्ण कल्याण समितीच्या खर्चाचा तक्ता असायला हवा तो यामुळेच. दुसरी गोष्ट कलम २(ञ). माहिती म्हणजे केवळ नक्कल नव्हे, कागद प्रत्यक्ष पाहणं, टिपणं काढणं, साहित्याचे प्रमाणित नमुने घेणं हेही त्यात बसतं. रजिस्टर बघण्याचा माझा अर्ज याच कलमावर उभा होता. राज्य सरकारने २०१८ साली परिपत्रक काढून जिल्हा पातळीवरच्या आणि स्थानिक कार्यालयांत दर सोमवारी दुपारी तीन ते पाच नागरिकांना अभिलेख पाहू द्यावेत असं सांगितलं. पुण्यात महापालिकेत ही पद्धत आधीपासून होती. वेळ आणि कागद दोन्ही वाचवणारी यापेक्षा साधी सोय मला माहीत नाही.

तिसरी गोष्ट ४८ तासांची. मागितलेली माहिती कुणाच्या जीविताशी किंवा स्वातंत्र्याशी निगडित असेल तर तीस दिवस थांबायचं नाही, अठ्ठेचाळीस तासांत उत्तर द्यायचं असं कलम ७ सांगतं. अतिदक्षता विभागात खाट आहे की नाही, योजनेतून शस्त्रक्रियेची मंजुरी कुठे अडली, रक्ताची पिशवी का नाकारली, असे प्रश्न याच कलमात बसू शकतात. आयोग हे कलम जपून लावतात, धोका खरा आणि समोर उभा असल्याचं दाखवावं लागतं. म्हणून अर्जाच्या माथ्यावर ‘जीविताशी संबंधित’ असं लिहून खाली कारण दोन ओळींत मांडायचं. आपल्या राज्याच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, हेही ध्यानात ठेवायचं. पाल्हाळ नाकारला जातो.

आता जरा मागे जाऊ. माहिती झाकली गेली की आरोग्यात काय होतं हे महाराष्ट्राने डोळ्यांनी पाहिलेलं आहे. १९८६ च्या सुरुवातीला मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात ग्लिसरीन दिलेले १४ रुग्ण दगावले. त्या ग्लिसरीनमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी औद्योगिक रसायन होतं. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने एकेक फाईल, एकेक शेरा, एकेक खरेदीचा कागद उलगडला आणि रुग्णालयाच्या औषध खरेदीपासून अन्न व औषध प्रशासनापर्यंतची साखळी उघडी पडली. आरोग्यमंत्र्यांना पद सोडावं लागलं. ते सगळे कागद मृत्यूंच्या आधीही कपाटांत होते. ते वाचण्याचा अधिकार कुणाला नव्हता, एवढंच.

२०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागात खोकल्याच्या औषधामुळे वीसहून अधिक लहान मुलं गेली. त्यांतल्या अनेकांना उपचारासाठी नागपूरला आणलं होतं. औषधात सापडलेलं रसायन तेच, डायइथिलीन ग्लायकॉल. मधे एकोणचाळीस वर्षं गेली होती. कोणत्या कंपनीच्या कोणत्या बॅचची तपासणी झाली, कधी झाली, निकाल काय आला, ही माहिती औषध प्रशासनाकडे असते. ती रुग्णालयातल्या फार्मसिस्टला आणि आईबापांना वेळेत दिसली पाहिजे. चौकशी आयोगाची वाट बघत बसायची ही माहिती नाही.

मृत्यूच्या आकड्यांचं तसंच. मेळघाटातली बालमृत्यूंची चर्चा जुनी आहे, पण सरकारी नोंद किती अपुरी असते हे राज्याच्या पातळीवर पुराव्यानिशी मांडलं ते डॉ. अभय बंग आणि राज्यातल्या अनेक स्वयंसेवी संस्थांनी मिळून केलेल्या ‘कोवळी पानगळ’ या २००१ च्या अहवालाने. त्यांनी गावोगाव स्वतः मोजलं, आणि मोजलेल्या मृत्यूंच्या मानाने सरकारी दप्तरातले मृत्यू फार कमी निघाले. त्यानंतर सरकारला मूल्यमापन समिती नेमावी लागली. ज्या बाळाची नोंदच नाही, त्याच्यासाठी औषध, खाट किंवा डॉक्टर मागता येत नाही, हे मी तो अहवाल वाचताना शिकले.

कोविडच्या काळात तेच पुन्हा घडताना आपण सगळे घरात बसून बघत होतो. १६ जून २०२० ला राज्याने आधी न मोजलेले १,३२८ मृत्यू एकदम यादीत घातले; त्यांतले ८६२ एकट्या मुंबईचे होते. आकडे पडताळून दुरुस्त केले हे प्रामाणिकपणाचंच झालं. पण तोवरच्या आठवड्यांत लोकांनी कामावर जायचं की नाही, वस्तीतलं दुकान उघडायचं की नाही, हे अपुऱ्या आकड्यावर ठरवलं. त्याआधी मार्चमध्येच राज्याने नियम काढून आरोग्य अधिकाऱ्यांची परवानगी घेतल्याशिवाय कोविडविषयी माध्यमांत माहिती द्यायला मनाई केली होती. तो नियम १८९७ च्या साथरोग कायद्याखालचा. पुण्या-मुंबईत प्लेगचं थैमान चालू असताना केलेला तो चार कलमांचा कायदा. लोकांच्या घरात शिरण्याचे, त्यांना तपासण्याचे अधिकार सरकारला देणारा, आणि सरकारने लोकांना काय सांगायचं याबद्दल एक अक्षरही न बोलणारा.

त्याच मार्च महिन्यात घरी विलगीकरणात राहणाऱ्यांच्या डाव्या हातावर शिक्के मारले गेले. रेल्वेत, सोसायटीच्या फाटकावर ते हात लोकांनी बघितले. मी त्या शिक्क्यांचा खूप विचार केला आहे. माणसाच्या शरीरावरची माहिती चारचौघांत उघडी आणि व्यवस्थेची माहिती बंद, हे उलटं चित्र होतं. या पुस्तकाची बाजू कोणती, हे विचारणाऱ्याला मी त्या शिक्क्याकडे बोट दाखवेन. रुग्णाचं नाव, त्याचा आजार, एचआयव्हीचा रिपोर्ट, गर्भपाताची नोंद हे त्याचं स्वतःचं आहे आणि झाकलेलंच राहिलं पाहिजे. किती रुग्ण आले, किती दगावले, किती औषध आलं, कुणी विकत घेतलं, डॉक्टरची जागा किती महिने रिकामी आहे, हे सगळ्यांचं आहे. माहिती अधिकार कायद्याच्या दहाव्या कलमात दोन्ही सांभाळण्याची सोय आहे: एकाच कागदावर दोन्ही असेल तर नावं झाकून बाकी कागद द्यायचा. ‘रुग्णांची गोपनीयता’ असं कारण देऊन अख्खं रजिस्टर नाकारणाऱ्याला हे कलम दाखवायला विसरू नका.

सीमारेषेवरचे प्रसंगही येतात. त्यातला गाजलेला प्रसंग पुन्हा जे.जे. रुग्णालयातला. न्यायालयाच्या अवमानाबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली राज्याचे मंत्री राहिलेल्या सुरूपसिंह नाईक यांना एक महिन्याची कैद सुनावली. त्यातले बरेच दिवस त्यांनी रुग्णालयात काढले. एका नागरिकाने त्यांचे वैद्यकीय कागद मागितले. नाईक यांचं म्हणणं, ही माझी खाजगी बाब आहे. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि २००७ मध्ये न्यायालयाने निकाल दिला की शिक्षा भोगणारा माणूस सरकारी रुग्णालयात दाखल असतो तेव्हा त्याच्या कागदांविषयी लोकहिताचा प्रश्न उभा राहतो, आणि विधिमंडळाला जी माहिती नाकारता येणार नाही ती नागरिकालाही नाकारता येत नाही. खाजगीपणाचा आदर राखूनही लोकहिताचं पारडं कधी जड होतं, हे न्यायालयाने तोलून दाखवलं होतं.

तो तोल ज्या शब्दांवर उभा होता ते शब्द आता कायद्यात नाहीत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती अधिकार कायद्याचं कलम ८(१)(ञ) आखडून टाकलं आणि २०२५ च्या नोव्हेंबरात ती दुरुस्ती अमलातही आली. आता वैयक्तिक माहिती म्हटलं की नकार देता येतो. लोकहिताची अट आणि विधिमंडळाची कसोटी दोन्ही त्या कलमातून गेली. आरोग्य खात्यात याचा अर्थ काय होईल हे सांगायला ज्योतिषी नको. गैरहजर डॉक्टरच्या हजेरीपटाची नक्कल मागा, उत्तर येईल वैयक्तिक. बोगस पदवीची चौकशी विचारा, वैयक्तिक. मला ही दुरुस्ती चुकीची वाटते आणि ती परत घ्यावी असं मी इथे स्पष्ट लिहिते. तोवर हातात कलम ८(२) शिल्लक आहे. लोकहित अपायापेक्षा मोठं असेल तर सूट असलेली माहितीही देता येते, असं ते सांगतं. यापुढे प्रत्येक अर्जात त्या कलमाचा आधार घ्यावा लागेल आणि लोकहित कोणतं, ते लिहावं लागेल.

खाजगी रुग्णालयांना हा कायदा लागत नाही असं सरसकट सांगितलं जातं. थेट लागत नाही हे खरं. पण एखाद्या दुसऱ्या कायद्यानुसार सरकारी अधिकाऱ्याला खाजगी संस्थेकडून जी माहिती मिळवता येते, ती नागरिक त्या अधिकाऱ्याकडून मागू शकतो. कलम २(च) मध्ये ते नीट लिहिलेलं आहे. धर्मादाय रुग्णालयांचं उदाहरण घ्या. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ कक खाली त्यांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात, आणि एकूण बिलाच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकायची असते. हिशेब धर्मादाय आयुक्तांकडे जातो. म्हणजे प्रश्न रुग्णालयाला विचारायचा नाही, आयुक्तांच्या कार्यालयाला विचारायचा. शुश्रूषागृहांच्या नियमांत २०२१ साली दुरुस्ती होऊन पंधरा सेवांचे दर आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणं बंधनकारक झालं आहे. दवाखान्यात पाऊल टाकलं की आधी ती पाटी शोधायची सवय लावून घ्या.

आणि स्वतःचा केसपेपर? त्यासाठी तर माहितीच्या अधिकाराचीही गरज नाही. रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत त्याचे कागद द्यायचे, हे डॉक्टरांच्या आचारसंहितेतच २००२ पासून आहे, आणि मुंबई उच्च न्यायालयाने तर १९९६ मध्येच रुग्णाचा हा हक्क मान्य केला होता. तरी आजही नातेवाईक हात जोडून उभे दिसतात.

वर गेलेली नोंद खाली आणण्याचा एक चांगला प्रयत्न राज्यात होऊन गेला, त्याबद्दल दोन शब्द. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात २००७ पासून अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांत ‘लोकाधारित देखरेख’ सुरू झाली. गावातली समिती उपकेंद्राचं प्रगतिपुस्तक भरायची, हिरवा-पिवळा-लाल रंग द्यायची, आणि जनसुनवाईत डॉक्टर व गावकरी समोरासमोर बसायचे. मी अशा काही जनसुनवायांना बसले आहे. पहिल्या तासात आवाज चढायचे, दुसऱ्या तासात अधिकारी स्वतः आपल्या अडचणी सांगू लागायचे. अर्ज न करता, तारीख न पडता माहिती हातात यायची. अर्जांचा कायदा त्या वाटेला पर्याय नाही, ती बंद पडते तिथला आधार आहे. राज्य माहिती आयोगाकडे अलीकडच्या काळात लाखाहून अधिक प्रकरणं साचली होती. तिथपर्यंत पोचलेल्या माणसाचा रुग्ण तोवर बरा झालेला असतो किंवा गेलेला असतो. म्हणून या पुस्तकात अपिलाच्या प्रकरणापेक्षा पाहणीच्या प्रकरणाला जास्त पानं दिली आहेत.

पुस्तक वकिलांसाठी लिहिलेलं नाही. ते आशाताईंसाठी, ग्रामपंचायतीच्या सदस्यांसाठी, रुग्णालयाच्या वऱ्हांड्यात चटई टाकून बसलेल्या नातेवाइकांसाठी आणि ज्यांना खुलेपणाने काम करायचं आहे अशा सरकारी कर्मचाऱ्यांसाठी आहे. अर्जांचे नमुने शेवटी आहेत. प्रत्येक नमुना दीडशे शब्दांच्या आत बसवला आहे.

मदत करणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांनी नाव छापू नका म्हणून सांगितलं, त्यांचं ऐकलं आहे. त्यांतल्या एकीचा मात्र उल्लेख करते. निळ्या पुठ्ठ्याचं रजिस्टर समोर ठेवणाऱ्या फार्मसिस्ट बाईंनी त्या ग्रामसभेनंतर औषध खिडकीशेजारी एक फळा टांगून घेतला. रोज सकाळी ओपीडी सुरू व्हायच्या आधी त्या त्यावर खडूने लिहितात: कुत्र्याच्या चाव्याची लस, सर्पदंशाची लस, ओआरएस, लोहाच्या गोळ्या, आणि प्रत्येकासमोर शिल्लक. मी शेवटची गेले तेव्हा सर्पदंशासमोर शून्य होतं, आणि त्याखाली बारीक अक्षरात मागणीपत्राची तारीख.